लवंगी माळ, रामन राघव आणि नोकरी करणाऱ्या आया

ऐरोलीकरीण

‘स्पष्टवक्ता’ यांची परवाची पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. खारघरच्या एका सोसायटीत दहा वर्षांच्या मुलाने कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीला लवंगी माळ बांधून पेटवली. पिल्लू भाजलं, पण वाचलं. त्यावर यांचं निदान : “मुकी जनावरं छळणं, आगी लावणं आणि मोठं होऊनही अंथरूण ओलं करणं ही सिरियल किलरची तीन लक्षणं. आई दिवसभर ऑफिसात, पोरगा मोबाईलवर. यातून रामन राघव नाही निघणार तर काय साने गुरुजी?” खाली अंगठ्यांचा पाऊस.

गप्प बसणार होते, पण त्या मुलाची आई माझ्या बहिणीच्या ओळखीची निघाली. ती बाई लिफ्टमध्ये कुणाशी नजर मिळवेनाशी झालीय. म्हणून लिहिते.

ही तीन लक्षणं आली कुठून? १९६३ साली मॅकडॉनल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने अमेरिकेत, डेन्व्हरच्या इस्पितळातल्या शंभर रुग्णांवर एक लेख लिहिला. हे रुग्ण कोण, तर ‘जीव घेईन’ अशी धमकी दिलेले लोक. नुसती धमकी! सिरियल किलर नव्हेत. पुढे त्या गृहस्थाला स्वतःलाही हा संबंध नीट सापडला नाही. तोवर लक्षणं पोलिसांच्या प्रशिक्षणात शिरली होती, आता सोसायटीच्या ग्रुपवर मुक्कामाला आलीत. जनावरांच्या छळाचा पुढच्या हिंसेशी काही संबंध दिसतो, तेवढं मान्य. अंथरुणाचा काडीचा नाही. माझा मुलगा चौथीपर्यंत करायचा. डॉक्टर म्हणाले, वडिलांना होतं का ते सासूबाईंना विचारा. होतं! सध्या बारावीला आहे आणि झुरळ मारायला मला हाक मारतो.

आता आई. अमेरिकेतल्या सिरियल किलरांपैकी एड केम्परची आई त्याला तळघरात झोपवायची, हेन्री ली लुकासची आई त्याला गुरासारखी मारायची. नाकारत नाही. पण पोराला तळघरात कोंडणं वेगळं आणि सकाळची ठाणे-वाशी लोकल पकडणं वेगळं. आणि जेफ्री डामर? सतरा जणांना मारलं त्याने. वडील केमिस्ट, घरात भांडणं होती, पण पोराला कुणी छळलेलं नव्हतं. मेलेल्या प्राण्यांची हाडं जमवायचा नाद होता. बापाला वाटलं पोराला विज्ञानाची गोडी आहे, म्हणून त्यानेच हाडं पांढरी कशी करायची ते दाखवलं. सांगा, यात कुणाचे संस्कार चुकले?

स्पष्टवक्ता

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

परदेशी उदाहरणं ठेवा बाजूला. गावित मायलेकी विसरलात का? अंजनाबाईने रेणुका आणि सीमा दोघींना लहानपणापासून चोऱ्या शिकवल्या. देवळात, जत्रेत पाकीट मारायचं आणि पकडलं की कडेवरचं मूल पुढे करायचं, म्हणजे गर्दी विरघळते. हा शोध लागल्यावर दुसऱ्यांची मुलं पळवायला लागल्या. १९९० ते १९९६, तेरा मुलं. मूल रडायला लागलं, ओझं झालं की संपवायचं. आईने घडवलेल्या मुली आहेत या. याला संस्कार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आमच्या वेळी घरात आजी असायची, पोराच्या हातात दगड दिसला तरी डोळे वटारायची. आता दोन माणसांचं घर, दोन पगार आणि पोराला टॅब.

ऐरोलीकरीण

अंजनाबाई कुठे ऑफिसला जात होती हो? चोवीस तास मुलींबरोबर असायची. पूर्णवेळ आई! आणि नातवंडंही सोबत, म्हणजे तुमची ती आजीसुद्धा घरातच होती.

घंटाळी_रोड

😂 आजी घरातच होती. हे जबरी होतं.

पारसिक_बोगदा

दोघंही एकेक खून निवडून भांडताय. सातशे खुन्यांच्या बालपणात मारहाण सापडेल, पण तसाच मार खाऊन गुमान नोकरी करणाऱ्या लाखोंना कोण मोजतं?

उपयोगाचा अभ्यास न्यूझीलंडच्या डुनेडिनचा. एकाच गावातली मुलं जन्मापासून पाहत आले, २००२ साली निष्कर्ष छापला. ‘एमएओए’ नावाच्या जनुकाचा मंद प्रकार आणि लहानपणी छळ, हे दोन्ही वाट्याला आलेली मुलं पुढे जास्त हिंसक निघाली. नुसता जनुक असून घर चांगलं असेल तर तसं दिसलं नाही. दुसरीकडे लंडनच्या संशोधकांनी २००५ साली सात वर्षांच्या जुळ्यांवर काम केलं. ज्या मुलांना दुसऱ्याच्या रडण्याने काहीच होत नाही, त्यांच्या त्या थंडपणात अनुवंशाचा वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास निघाला.

तेव्हा ‘संस्कार की स्वभाव’ हा वादच जुना झालाय. आणि दहा वर्षांच्या पोराला सोशिओपॅथ, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारा माणूस, ठरवणारे : हे निदान अठरा वर्षांआधी करतच नाहीत. कुणीही.

कळवा_नाका

लाखोंमधला मी एक. बाप मिलमध्ये होता, संपानंतर घरी बसला. पट्टा, काठी, एकदा स्टोव्हची पिन. धाकट्या भावाला माझ्यापेक्षा कमी मार, कारण मी मध्ये पडायचो. मी आज दोन मुलींचा बाप आहे, हात उचललेला नाही. भाऊ मात्र वेगळाच निघाला. आई आयसीयूमध्ये असताना तिच्या पाटल्या काढून विकल्या आणि तेराव्याला सगळ्यांत मोठ्याने तोच रडला. खोटं रडणं नुसतं बघूनही कळतं, पण नातेवाईक विरघळले. खून वगैरे काही केलेला नाही. छान चाललंय त्याचं, फ्लॅट घेतला.

एका बापाचा पट्टा, दोन पोरं. जनुकवाल्यांनी सांगावं काय ते.

भूभू_मावशी

एवढ्या गप्पा झाल्या, त्या पिल्लाला कोणत्या डॉक्टरकडे नेलं हे एकानेही विचारलं नाही. आमच्यासारख्या लोकांनीच पदरचे पैसे घालून पट्ट्या केल्या असणार. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती माहितीये? दहा ते पन्नास रुपये. पार्किंगची पावती महाग आहे. जोवर प्राण्यांचे कायदे असे आहेत तोवर खुनी तयार होणारच.

सेक्टर_वीस

आला का विषय कुत्र्यांवर! माझी मुलगी सात वर्षांची. तुमच्यासारख्याच एका मावशीने पाळणाघराच्या दारात भात ठेवला होता, तिथेच चावा बसला. इंजेक्शनांचा कोर्स झाला, अजून ती खाली खेळायला जात नाही. तिच्यासाठी कुठे पन्नास रुपये दंड आहे?

भूभू_मावशी

मुलीचं वाईट वाटलं. पण पाळणाघराच्या दारात ठेवणारी मी नव्हते. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत स्पष्ट आहे, खाऊ घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यायची, मुलांच्या खेळण्यापासून आणि दारा-जिन्यापासून लांब. तुमची कमिटी जागा देतच नाही, मग बाई जिथे जमेल तिथे ठेवते.

सेक्टर_वीस

म्हणजे चूक कमिटीची, चावला कुत्रा, रडली माझी मुलगी, आणि तुम्ही संत. गेल्या वर्षी ऑगस्टात दिल्लीच्या कुत्र्यांवर सुप्रीम कोर्टाने काय म्हटलं ते तरी वाचा.

भूभू_मावशी

२०२५ चा ना? पूर्ण वाचा. पहिला आदेश सरसकट उचलून न्यायचा होता, २२ ऑगस्टला बदलला. नसबंदी, लस आणि परत तिथेच सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून. अर्धं वाचून भांडायची खोड आहे तुम्हाला.

सेक्टर_वीस

त्याच आदेशात रस्त्यावर कुठेही खायला घालायला बंदी आहे, ते कसं गाळलंत? आणि सेक्टरमध्ये नसबंदी झालेलं एक तरी कुत्रं दाखवा.

भूभू_मावशी

कानाला खाच दिसली की समजायचं नसबंदी झालीय. पण त्यासाठी कुत्र्याकडे बघावं लागतं, दगड घेऊन नव्हे. तुमच्यासारख्यांच्या घरातच माळा बांधणारी पोरं निघतात.

सेक्टर_वीस

तोंड सांभाळा! माझ्या घरापर्यंत जायचं नाही. तुम्हाला खरं तर ठाण्याला भरती केलं पाहिजे.

नौपाड्याचा_नाना

झालं. ‘ठाण्याला भरती’ आलंच. आम्ही ठाणेकर जन्मभर हे ऐकतो. १९०१ पासून ते मनोरुग्णांचं इस्पितळ आहे, माणसं बरी होऊन घरी जातात. कित्येकांना घरचेच न्यायला येत नाहीत, ती खरी रडकथा. पण त्यावर विनोद नाहीत.

मूळ विषयावर बोलतो. रामन राघवचं नाव कुणी फेकलं म्हणून. १९६८ साली मी मुलुंडला चाळीत होतो, हाफ पँटमधला. ओट्यावर, गच्चीत झोपणं बंद झालं. फुटपाथवरच्या, झोपड्यांतल्या झोपलेल्या माणसांची डोकी फुटायची, म्हणून मोठी पोरं रात्री काठ्या घेऊन गस्त घालायची. एका रात्री त्यांनी एक कळकट माणूस धरला आणि अर्धमेला केला. तो भंगार वेचणारा निघाला. खरा रामन राघव ऑगस्टात पकडला गेला, तोही आधी एकदा हाती लागून पुराव्याअभावी सुटलेला. कबुलीआधी कोंबडी मागितली, हे सगळ्यांना पाठ. पण पुढे काय झालं? डॉक्टरांनी तपासलं तेव्हा जुनाट स्किझोफ्रेनिया निघाला, डोक्यात भ्रमांचं स्वतंत्र राज्य. उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. येरवड्यात राहिला, १९९५ ला गेला.

तो आजारी होता. सोशिओपॅथ नव्हे. सोशिओपॅथला सगळं कळत असतं, फक्त तुमचं दुखणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. कळवा_नाका यांचा भाऊ आणि रामन राघव यांना एका टोपलीत घालू नका. आणि स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण कुणाला मारत नाहीत, मार खातात. माझी बहीण त्यांतली होती. एवढंच सांगतो.

घंटाळी_रोड

नाना, दंडवत.

मग दिल्लीजवळच्या निठारीतले मुलांचे खून? तो नोकर तर थंड डोक्याचा होता.

पारसिक_बोगदा

निठारीवर जपून. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोकर-मालक दोघांनाही निर्दोष ठरवलं, सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. सतरा वर्षं आपण त्याच्या मेंदूची चिरफाड करत होतो.

स्पष्टवक्ता

नानांच्या वयाचा मान राखून रामन राघव मागे घेतो. त्याजागी जक्कल घ्या. पुणे, १९७६-७७, दहा खून. कला महाविद्यालयातली पोरं, भ्रम नाही, काही नाही. रात्री खून, सकाळी टपरीवर चहा. चौघे १९८३ साली फासावर गेले. हे तर संस्कारात बसतं?

कळवा_नाका

चौघांच्या चार घरांत एकाच वेळी संस्कार चुकले? मला तर उलटं दिसतं. एक पुढे चालणारा थंड, बाकीचे त्याच्या मागे जाणारे. माझ्या भावाभोवतीही अशी पोरं असायची. एकटी असती तर बँकेत लागली असती.

समई

ठाण्यात शाळेत समुपदेशक आहे. दमून आल्येय, थोडक्यात लिहिते.

प्राण्याला इजा करणारं मूल समोर आलं की आम्ही आधी विचारतो, याला कोण मारतंय? बहुतेक वेळा कुणीतरी मारत असतं : घरी, क्लासमध्ये, नाहीतर वरच्या मजल्यावरचा मोठा मुलगा. काही मुलं नुसती मित्रांसमोर शायनिंग मारतात, ती पिल्लू ओरडल्यावर स्वतःच घाबरतात. फार थोडी अशी असतात, जी शांतपणे बघत राहतात. मला झोप येत नाही ती त्यांच्यामुळे. त्यांच्यावर शिक्षेचा परिणाम जवळपास शून्य. चोप द्या, कोंडा, बाहेर उभं करा, ती फक्त पुढच्या वेळी सापडायचं नाही एवढं शिकतात. थोडंफार काम होतं ते बक्षिसाने आणि घरातल्या मायेने. लवकर आणलं तर. पण ग्रुपवर ‘खुनी’ म्हणून नाव झालेल्या मुलाला आईबाप माझ्याकडे आणत नाहीत, गावाला पाठवतात.

स्पष्टवक्ता

“घरातल्या मायेने.” म्हणजे शेवटी संस्कारच की! एवढे प्रतिसाद कशाला खर्च केले मग?

ऐरोलीकरीण

माया. चोप नाही, डोळे वटारणारी आजी नाही. आणि माया बापालाही करता येते, त्याला कुठे लोकल चुकते? तरी बरं, घराचा वाटा आहे इतपत तुमचं बरोबर होतं. घ्या, फ्रेम करून लावा. आता त्या बाईंबद्दलची पोस्ट उडवा.

स्पष्टवक्ता

‘नोकरी’चं वाक्य काढतो. बाकी ठेवतो. मुलाने माळ बांधली हे तर खरं आहे.

समई

फ्लॅट नंबरही काढा. दहा वर्षांचा आहे तो.

स्पष्टवक्ता

काढला. खूश?

भूभू_मावशी

मुलाला माझ्याबरोबर पाठवा म्हणावं, रोज संध्याकाळी पाणी ठेवायला. जमेल मला. सेक्टर_वीस, ‘भरती’बद्दल नानांची माफी राहिलीय, माझीही.

सेक्टर_वीस

माझ्या घरावर बोललात त्याची तुमची आली की माझीही येईल. रविवारच्या सभेत जागेचा ठराव मांडणार असाल तर मत देतो, पण पंपहाऊसच्या मागे. गेट नंबर दोनपाशी नाही, शाळेची बस तिथे थांबते.

भूभू_मावशी

पंपहाऊसमागे दिवा नाही. आधी दिवा लावून द्या.