गणपतीसाठी कोकणात बारा दिवस: लहान मूल आणि साप-विंचवाची धास्ती

ओटीवरून: यंदा आम्ही राजापूर तालुक्यातील सासरच्या घरी राहणार आहोत. घर चिऱ्यांचे, कौलारू आणि वर्षातले दहा महिने बंद असते. खाटा दोनच असल्याने माजघरात जमिनीवर अंथरुणे पडतात. गेल्या वर्षी मोरीपाशी लाल विंचू निघाला होता आणि आता मुलगा सहा वर्षांचा असल्याने घरभर धावणार आहे. घराभोवती कार्बोलिक आम्ल टाकावे, असे सासरे म्हणतात. त्याचा खरोखर उपयोग होतो का? आणखी काय तयारी करावी?

कातळवाट: कार्बोलिकवर विसंबू नका. त्याने साप अडत नाहीत, उलट मुलाच्या हातापायाला लागले तर कातडी भाजते. खाटा दोनच असतील, तर त्यांतील एक मुलाला द्या. जे खाली झोपतील त्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचाव्यात, कारण मण्यार रात्री उंदीर-पालींच्या मागे घरात शिरते आणि तिचा दंश झोपेत बहुधा कळतच नाही. खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वास अडू लागतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल असे पोटदुखीने उठले, तर ओवा देत बसू नका.

फुरसे हा आमच्या कातळावरचा साप जेमतेम फूटभर असतो आणि दगडाखाली किंवा पाल्यात दबून बसतो. त्यामुळे दुर्वा, पत्री आणायला मुले जातील तेव्हा त्यांच्या पायांत बूट असावेत आणि दगड उलटण्याचे काम काठीनेच व्हावे. पडवीतल्या लाकडांच्या ढिगात थेट हात घालू नये.

निवृत्त परिचारिका: दंश झालाच, तर करकचून बांधणे, चिरा देणे आणि तोंडाने विष ओढणे हे तिन्ही टाळावे. अंगठी, बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, वेळ लिहून ठेवावी आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. साप शोधून मारण्यात वेळ घालवू नये, कारण आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच असते. डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे असे समजतात. आणखी एक गोष्ट पालकांना चमत्कारिक वाटते, म्हणून आधीच सांगते: मुलाला लस मोठ्या माणसाइतकीच देतात, वजनाप्रमाणे कमी करत नाहीत, कारण सापाने सोडलेले विष काही मुलाच्या अंगाप्रमाणे कमी होत नाही.

लाल विंचवाच्या बाबतीत नुसती वेदना झाली म्हणून घाबरू नये. पण घाम फुटणे, उलट्या होणे आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच मुलाला दवाखान्यात हलवावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात यावर प्राझोसिन वापरून दाखवले, तोवर कोकणात या दंशाने कितीतरी मुले दगावत असत. हे रक्तदाबाचे औषध असल्याने ते घरी आणून स्वतःच्या मनाने देऊ नये. (डॉ. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.)

ओटीवरून: दोघांचे मनापासून आभार. मण्यारीच्या दंशाने पोटात दुखते, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मच्छरदाण्या आजच घेते आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे दिरांना आधीच विचारून ठेवायला सांगते. मात्र आमची मोरी घराबाहेर आहे. रात्री मुलाला तिकडे कसे न्यावे?

कातळवाट: विजेरी पुढे, मूल मागे आणि चपला घालण्यापूर्वी झटकून. गणपतीत वीज हमखास जाते, म्हणून विजेरी उशाशीच ठेवा. आणि माजघरात तांदळाची पोती असतील तर ती आधी हलवा, म्हणजे उंदीर अंथरुणापासून लांब राहतील.