डबल सस्पेन्शनच्या मोहात पडू नका

२५ हजारात पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली डोंगरातली सायकल (माउंटन बाइक) मिळतेय, घेऊ का असं विचारलंय तर नका घेऊ हो. त्या किमतीत मागचा शॉक-अब्सॉर्बर म्हणजे बहुतेक नुसती स्प्रिंगच, चढाला पॅडल मारलं की सायकल खाली-वर डुलते आणि पायातली ताकद तिथेच जिरते, वर वजन वाढतं ते वेगळंच. हार्डटेल बघा, म्हणजे फक्त पुढेच सस्पेन्शन असलेली, त्यात १०० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) लॉकआउटवाला (म्हणजे हवं तेव्हा दबणं बंद करता येणारा) फोर्क आणि जमलं तर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. आणि साइज स्वतः बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं!

पुण्यात आहात तर आधी वेताळ टेकडीवर चालवा, तिथे मात्र सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी खूप असतात, त्यांना आधी वाट द्या प्लीज. हात बसला की पानशेत-वरसगावकडचे कच्चे रस्ते. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक कचकन दाबला की चाक सरकलंच समजा, बूड सीटच्या मागे न्यायचं आणि एकेका बोटाने दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत उतरायचं, टायरमधे हवाही जरा कमीच ठेवा. पावसाळ्यात मात्र चिखलाच्या पायवाटांवर जाऊ नका, चाकांनी पडलेल्या चरातून पाणी वाहतं आणि अख्खी वाट धुपून जाते.