युक्रेनचा आर्तेमी वेदेल कुणी ऐकलाय का? आणि आपल्या लोकांना हे गाता येईल का?

परभणीचा_श्रोता

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यापासून एकाच माणसाचं संगीत ऐकायलोय आणि इथं परभणीत त्याच्याबद्दल बोलायला कुणीच सापडंना म्हणून हा धागा काढला. आर्तेमी वेदेल, संगीतकार, जन्म 1767 चा, कीवचा. यूट्यूबवर बोर्त्नियान्स्की (त्याच काळातला दुसरा युक्रेनी संगीतकार) लावला होता, तो संपल्यावर आपोआप वेदेलचं 'दोकोले, गोस्पोदी' सुरू झालं आणि मी हातातलं काम ठेवून बसलोच. एक वाद्य नाही, नुसते गळे. शब्द बायबलातल्या स्तोत्राचे आहेत, देवा अजून किती दिवस मला विसरून राहणार, असा अर्थ. आमच्या घरात वारी आहे, नामदेवांचे आळवणीचे अभंग कानावर पडतच मोठा झालो, त्यामुळं देवाला असं रडून, रुसून विचारणं मला काही परकं वाटलं नाही. भाषा कळत नव्हती तरी टेनरचा (पुरुषाच्या उंच गळ्याचा) एकटा आवाज वर जातो आणि मागून सगळे मिळून त्याला धरतात तिथं काय चाललंय ते बरोबर कळलं.

मग त्याच्याबद्दल शोधून वाचलं तर लई वाईट वाटलं. शेवटची वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढली बिचाऱ्यानं, मरायला टेकल्यावर वडिलांच्या घरी जाऊ दिलं, 1808 ला गेला. एवढा मोठा माणूस आणि आपल्याकडं नावसुद्धा माहीत नाही.

तर विचारायचं असं की पुढं काय ऐकू, आणि दुसरं म्हणजे आमचं भजनी मंडळ आहे, पोरं सुरात पक्की आहेत, यातलं एखादं छोटं आम्हाला जमंल का? वेडेपणा वाटत असंल तर तसं स्पष्ट सांगा.

लातूर_ते_खारकीव

दादा, वेदेलचं नाव इथं मराठीत वाचून अंगावर काटा आला. मी एमबीबीएसला खारकीवला होतो, 2022 ला सगळं सोडून यावं लागलं. वेदेलचा खारकीवशी जवळचा संबंध आहे. आधी तो कीवमध्ये जनरल लेवानिदोवच्या गायकवृंदाचा प्रमुख होता, 1796 मध्ये लेवानिदोवची बदली खारकीवला झाली तसा हाही सोबत गेला, तिथं कॉयर म्हणजे गायकवृंद चालवायचा, शिकवायचा. पुढच्याच वर्षी रशियाच्या झार पावेलनं हुकूम काढला की चर्चच्या उपासनेत असले कॉन्सर्ट, म्हणजे 'दोकोले'सारख्या कॉयरच्या मोठ्या रचना, गायच्या नाहीत. म्हणजे जे लिहिण्यात याची हयात गेली त्याचीच जागा काढून घेतली. मग हा कीवला परतला, लाव्रा मठात नवशिका साधू म्हणून राहिला, तिथून बाहेर पडला, आणि नंतर एका पुस्तकात राजघराण्याबद्दल हातानं लिहिलेल्या नोंदींवरून पकडला गेला. वेडा ठरवून कीवच्याच किरिलिव्स्की मठातल्या इस्पितळात कोंडला. त्याच्या रचनाही मग दाबल्या गेल्या, छापल्या नाहीत. गाणाऱ्यांनीच हातानं नकला करून करून शंभर वर्षं जपल्या, म्हणून आज तुम्ही ऐकू शकायलात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओलेक्सांद्र कोशित्स या कॉयर चालवणाऱ्यानं त्या परत मंचावर आणल्या, मग सोव्हिएत काळात देवाधर्माचं संगीत म्हणून पुन्हा बंद.

खारकीवला मी मित्रासोबत चर्चमध्ये जायचो. बसायला बाकं नसतात, सगळे उभे, हातात बारीक मेणबत्ती. मी काही ख्रिश्चन नाही पण गाणं सुरू झालं की पाय हलत नव्हते.

ऐकायचं असंल तर कीव चेंबर कॉयर शोधा, मिकोला होब्दिच यांचं. वेदेल त्यांच्याइतका मनापासून गाणारं मला तरी दुसरं कुणी सापडलं नाही.

जालन्याची_आल्टो

मी लहानपणापासून चर्च कॉयरमध्ये आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते म्हणून गाण्याबद्दल सांगते. दादा, वेडेपणा अजिबात नाही, पण 'दोकोले'ला आत्ता हात लावू नका. वेदेल स्वतः टेनर होता आणि टेनरच्या जागा त्यानं अशा अवघड लिहिल्यात की तयार गळासुद्धा दमतो. शिवाय ते आठ-दहा मिनिटांचं, मधे लय बदलते, कधी तिघंच गातात तर कधी अख्खा कॉयर.

तुम्ही त्याचं 'पोकायानिया' घ्या. पश्चात्तापाची दारं मला उघड, अशी विनवणी आहे, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत आजही ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये म्हणतात. त्रिकूट आहे, तीनच आवाज, चाल संथ. वरचे दोन आवाज बऱ्याच ठिकाणी एकमेकांपासून तीन सुरांच्या अंतरावर जोडीनं चालतात, म्हणजे एक सा वर असला तर दुसरा ग वर, आणि खाली खर्जातला आवाज दोघांना आधार देतो. अवघड काय जाईल ते सांगते. भजनात आपण सगळे एकाच सुरात, मागं म्हणायचं तेही तसंच. इथं शेजारचा वेगळं गातोय आणि आपण आपलं सोडायचं नाही. सुरुवातीला प्रत्येकजण शेजाऱ्याच्या सुरावर घसरतो, शंभर टक्के. म्हणून तिघांना वेगवेगळं बसवा, प्रत्येकाची ओळ पाठ झाल्यावरच एकत्र आणा.

पेटी_आणि_पान

ताईंनी नीट सांगितलं. एकच भर घालतो. पेटीवर ओळी बसवून घ्या पण नंतर पेटी बंद करा, खरंच बंद करा. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्य चालत नाही, सगळं गळ्यावरच, त्यामुळं ही रचना त्याच हिशोबानं बांधलेली आहे. पेटी चालू ठेवली की पोरं पेटीकडं कान लावतात, एकमेकांकडं लावत नाहीत. अंबाजोगाईला मी शिकवतो तिथं रोज हेच बघतो.

पुढं ऐकायला किरिलो स्तेत्सेन्को (1882–1922) घ्या, धर्मगुरू होता, टायफसनं गेला. आणि मिकोला लेओंतोविच तर घ्याच. ख्रिसमसच्या जाहिरातीत ती घंटांची धून वाजते ती त्याच्या 'श्चेद्रिक'ची, 1916 मधली, पण तेवढ्यावर थांबू नका, त्याची लोकगीतं ऐका, 'दुदारिक' ऐका. 1921 मध्ये वडिलांच्या घरी त्याला सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसानं गोळी घातली.

परभणीचा_श्रोता

सगळ्यांचे आभार, एवढं मिळंल असं वाटलं नव्हतं. 'पोकायानिया' ऐकलं, खर्जाला आमचा पखवाजवाला घेतो, त्याचा आवाज तसाच भरदार आहे. शब्द देवनागरीत लिहून घ्यायचेत. लातूरचे भाऊ, तुम्ही उच्चार रेकॉर्ड करून पाठवाल का? सावकाश म्हणा, एकेक शब्द तोडून. आणि ताई, आठवी-नववीच्या दोन पोरी पण आहेत मंडळात, त्यांना वरचा आवाज दिला तर चालंल का?

जालन्याची_आल्टो

चालंल की. मिश्र कॉयर पण गातात हे. पट्टी मात्र पोरींच्या गळ्याला बघून ठरवा, मूळ पट्टीचा हट्ट नको. तीन आवाजांचं नोटेशन माझ्याकडं आहे, सरगममध्ये उतरवून रविवारनंतर इथंच टाकते.