जादूगोडाजवळच्या मातीत भाजी लावावी का?

गच्चीबाग_मुलुंड: माझा भाऊ बदलीवर टाटानगरला गेलाय, घर मिळालंय जादूगोडाच्या बाजूला, मागे चांगली मोकळी जागा. मी दादरहून पालक-मेथीचं बी घेतलं, पार्सल करणार तर आई म्हणते तिथे युरेनियमची खाण आहे, काही लावू नका. भाऊ म्हणतो मीटर फिरवून बघितलं, रेडिएशन नॉर्मल आहे, मग झालं की. नक्की काय बघायचं असतं?

रसायन_ठाणे: आईचं ऐका. मीटर नॉर्मल म्हणजे माती चांगली असं नाही हो. युरेनियमचं हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा काळ) 447 कोटी वर्षं, किरणं तशी मंदच, पण पोटात गेलं की किडनीला त्रास होतो तो जड धातू म्हणून, कॅडमियमने होतो तसा. आणि तिथल्या दगडात युरेनियम जेमतेम 0.05 टक्क्याच्या आसपास, म्हणजे टनभर दळायचं तेव्हा अर्धा किलो, बाकी सगळा चोथा टेलिंग पाँडमध्ये, म्हणजे खाणीचा गाळ साठवायच्या तळ्यात. त्यात रेडियम राहतं (हाफ लाइफ 1600 वर्षं), निकेल, तांबं, मँगनीज पण. वाळलं की धूळ उडते. डिसेंबर 2006 मध्ये तर पाइप फुटून गाळ ओढ्यात गेला होता, आणि धातू काही कुजून संपत नाही.

मातीवाला: एक सांगायचं राहिलं. सिंहभूमचा तो पट्टा (जादूगोडा त्यातच येतं) मुळातच तांब्याचा, मोसाबनीला तांब्याचीच खाण, त्यामुळे मातीत तांबं-निकेल जास्त निघालं म्हणून लगेच युरेनियमच्या खाणीवर ढकलता येत नाही. लॅबला वरची 15 सेंमी माती वेगळी द्या, दोन फूट खालची वेगळी, वरच्यात बरंच जास्त आलं तर ते बहुतेक बाहेरून येऊन बसलंय. शेतीची नेहमीची एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) तपासणी नको, त्यात हे दिसतच नाही, आयसीपी-एमएस (अगदी थोडे धातूही मोजणारी तपासणी) करा म्हणून सांगा. बोअरचं पाणी पण द्या, युरेनियम लिटरला 30 मायक्रोग्रॅमच्या आत हवं.

गच्चीबाग_मुलुंड: बापरे, बरं झालं विचारलं. चुना टाकला तर धातू बांधले जातात ना? गच्चीवर मी टाकते कधीकधी.

मातीवाला: निकेल, कॅडमियम बांधले जातात. युरेनियमचं उलटं, कार्बोनेट वाढलं की ते विरघळून मोकळं होऊ शकतं, म्हणून रिपोर्टआधी चुना अजिबात नको. तोवर पालेभाजी जमिनीत लावू नका, पानांवरची धूळ नीट धुवून निघत नाही. लावायचीच तर लांबची माती आणून ग्रो बॅगमध्ये, आणि घराच्या आडोशाला.

गच्चीबाग_मुलुंड: ठीक, आजच फोन करते. बी ठेवून देते, रिपोर्ट आला की इथेच टाकीन.