एमएस्सीच्या शेवटच्या वर्षात पार थकून गेलेय, काय करू?

निफाडची_केमिस्ट्री:
नमस्कार. मी नाशिकमध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करतेय, दुसरं वर्ष. रोज निफाडहून येऊन-जाऊन, सकाळची एसटी, मग दिवसभर लॅब, घरी पोचेपर्यंत अंधार. आधी मिश्रणातली कंपाउंड वेगळी करायला कॉलम लावला की वेळ कसा जायचा कळायचं नाही, आता टीएलसीची प्लेट, म्हणजे कंपाउंड वेगळी झाली का ते ठिपक्यांवरून दाखवणारी, यूव्हीखाली धरते आणि दोन स्पॉट अजून एकमेकांना चिकटलेलेच दिसले की डोळ्यात पाणी येतं, एवढ्यावरून रडायचं काही कारण नाही हे कळतं तरी येतंच. प्रोजेक्ट अर्धवट, त्यात लेक्चररशिप-पीएचडीसाठीच्या सीएसआयआर नेट परीक्षेचा अभ्यास, रविवारभर झोपले तरी सोमवारी अंग जडच. आई म्हणते अभ्यासच तर करायचाय बाई, आणि पप्पा द्राक्षबागेत फवारणीला पहाटे उठतात, त्यांच्यासमोर मी थकले म्हणायला तोंड उघडत नाही. हा आळस आहे का खरंच काही झालंय?

गोदाकाठ_९३:
आळस नाही ग ताई, आळस असता तर तू प्लेट बघून रडली नसतीस, सरळ घरी गेली असतीस. माझंही एमएस्सीला हेच झालेलं. माझं स्पष्ट मत, नेट ह्या सेमिस्टरला बाजूला ठेव. ती वर्षातून दोनदा होते, पुढच्या वेळी देता येईल, पण ओपनमधून असशील तर एमएस्सीला ५५ टक्के पडलेच पाहिजेत, नाहीतर नेटचा उपयोग काय. आणि एसटीत नोट्स काढू नकोस, तो वेळ डोळे मिटून बसायचा. मी शनिवारी लॅब सुटली की गोदापार्कला नुसता चालत सुटायचो, फोन बॅगेत, तेवढ्यानेसुद्धा रात्री झोप लागायची.

समुपदेशक_पंचवटी:
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ ह्या आजार आणि आरोग्याच्या प्रश्नांच्या यादीत बर्नआउटची व्याख्या दिली, त्यात तो आजार म्हणून नाही तर कामाच्या ठिकाणचा ताण बरेच दिवस आटोक्यात न आल्याने होणारी अवस्था म्हणून आहे. सगळी ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं, ह्या तीन गोष्टी. व्याख्या नोकरीपुरती असली तरी प्रोजेक्टची लॅब म्हणजे कामच की. फक्त एक तपासून बघ बाळा, लॅबच्या बाहेर मन लागतं का? मैत्रिणी, जेवण, आवडीच्या गोष्टी, कशातच राम वाटत नसेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं, मग सायकियाट्रिस्टला दाखवायचं, लाजायचं नाही. जगून काय करायचं असा विचार आला तर त्याच क्षणी कोणाला तरी सांग. टेली-मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आणि हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड करून घे, थकव्याचं मूळ कधीकधी तिथेच निघतं.

नाशिकरोडचे_मास्तर:
मी शिकवतो म्हणून गाइडच्या बाजूने सांगतो. "सर खूप ताण आहे" एवढंच म्हणालीस तर बहुतेक गाइड दोन धीराचे शब्द बोलतील आणि काम तेवढंच राहील. लॅब नोटबुक घेऊन जा, समोर उघड आणि विचार, सर ह्यातली कुठली कंपाउंड डिझर्टेशनला, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रबंधाला, हवीतच आणि कुठली सोडली तर चालतील? त्यावर त्यांना उत्तर द्यावंच लागतं. ठरलं की त्याच संध्याकाळी मेल टाकून ठेव, म्हणजे नंतर यादी वाढत नाही. जे वेगळं झालं नाही तेही डिझर्टेशनमध्ये लिहिता येतं, काय काय करून बघितलं ह्याला किंमत आहे. आणि ते दोन स्पॉट, हेक्झेन-इथाइल ॲसिटेटचं प्रमाण बदलत बसण्यापेक्षा सॉल्व्हंटच बदल, टोल्युइन किंवा डीसीएम (डायक्लोरोमिथेन) घालून बघ, कॉलम भरायच्या आधी प्लेटवरच कळेल.

निफाडची_केमिस्ट्री:
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना परत रडले पण बरं वाटलं. मास्तर, डीसीएम उद्याच बघते आणि सरांकडे नोटबुक घेऊनच जाते. मॅडम, मैत्रिणींमध्ये मन लागतं अजून, पण रक्त तपासून घेते, आईला अशक्तपणा आलाय म्हटलं की ती स्वतःच घेऊन जाईल. सबमिशनपर्यंत कॉलेज रोडला मैत्रिणीच्या रूमवर राहायचा विचार आहे, येण्याजाण्याचा वेळ वाचेल. तिथे मुलींसाठी घरगुती मेस माहितेय का कोणाला, जास्त तिखट नसलेली?