हिबाची, सुशी आणि आपण: किस्से लिहा

मागच्या शनिवारी आईबाबांना हिबाचीला, म्हणजे समोरच मोठ्या तव्यावर शेफ जेवण करून देतो त्या जपानी हॉटेलात, नेलं आणि परत येताना गाडीत जे काही बोलणं झालं त्यावरून वाटलं की हा धागा काढायलाच हवा. महागडं सुशीचं ठिकाण नको, ते वेगळं बोलू. स्ट्रिप मॉलमधलं, एका बाजूला लॉन्ड्री, दुसरीकडे नेल सलोन, आत एका भिंतीला सुशीचा काउंटर आणि बाकी सगळे मोठमोठे तवे, असं खिशाला परवडणारं जे असतं त्याबद्दल लिहा. कोणाला नेलं, काय आवडलं, काय फसलं.

माझ्यापासून सुरू करते. आम्ही अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत. बाबा सगळं खातात, आई शाकाहारी, दोघं साताऱ्याहून पहिल्यांदाच आलेत. तव्याभोवती आठ खुर्च्या, आम्ही चौघं आणि उरलेल्या जागांवर एक अनोळखी कुटुंब, बाबा लगेच खूश, म्हणाले ही तर पंगतच. शेफने कांद्याच्या चकत्यांचा डोंगर रचून पेटवला तेव्हा बाबा टाळ्या वाजवत होते आणि आई उलथन्याकडे बघत होती. त्याने शेजारच्यांची कोळंबी परतली, तवा खरवडला आणि त्याच उलथन्याने आईच्या भाज्या पुढे ओढल्या. आई काही बोलली नाही, मला फक्त तिचं कोपर लागलं. "तू खा, मी घरी जाऊन दहीभात खाईन." बुकिंग करताना मी "एक व्हेज" एवढंच सांगून गप्प बसले होते, चूक माझीच.

*

अगं, आधी सांगायचं असतं! आतल्या किचनमधून वेगळ्या पॅनमध्ये करून देतात, मी अटलांटात २० वर्षं हेच करतेय. आणि प्रश्न नुसत्या तव्याचा नाही. सुरुवातीला ते पातळ सूप येतं ना, मशरूमच्या चकत्या तरंगणारं, ते बहुतेक ठिकाणी चिकनच्या नाहीतर बीफच्या पाण्यावर असतं. म्हणून मिसो सूप घ्यावं तर त्यात दाशी, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. यम यम सॉस मेयोनीजचा, अंडं आलंच. कॅलिफोर्निया रोलमधला खेकडा खेकडा नसतो हे खरं, पण तो पोलॉक नावाच्या माशाचा लगदा असतो, आमच्या एका भाचेसुनेने "इमिटेशन आहे ना मावशी" म्हणत वर्षभर खाल्ला. मी काकडी रोल, अवाकाडो रोल आणि रताळ्याच्या तेंपुराचा रोल घेते. इनारी म्हणजे गोडसर टोफूच्या पिशवीत भरलेला भात, मला फार आवडतो, पण ती पिशवी ज्यात मुरवतात त्यातही दाशी असू शकते, विचारून घ्या. आणि रताळं दिसलं म्हणून चतुर्थीला मागवू नका, पिठात तळलेलं असतं आणि भोवती भात.

*

डॅलसजवळ एमएस करत होतो तेव्हा लंचचं हिबाची चिकन १२ डॉलरला मिळायचं, अर्धं दुपारी अर्धं रात्री, रात्रीच्या भातावर आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी, त्या लसणाच्या बटरबरोबर काय लागायची म्हणून सांगू. वसाबीचा (सुशीबरोबरची ती झणझणीत हिरवी पेस्ट) किस्सा सगळ्यांकडे असतो म्हणून माझा सांगत नाही. टिपचा सांगतो. सहा जण गेलो होतो, मोठा ग्रुप म्हणून बिलात १८ टक्के आधीच जोडलेले, ते बारीक अक्षरात, आम्ही वरून आणखी २० टक्के ठेवून ऐटीत बाहेर पडलो, वेटर दारापर्यंत सोडायला आला तेव्हाच कळायला हवं होतं. आता मी बिल मोठ्याने वाचतो, बायको तोवर पार्किंगमध्ये जाऊन थांबते.

*

तोक्योच्या निशीकासाईहून थोडा मोडता घालतो, रागावू नका. इथे हिबाची म्हणजे निखारे ठेवून हात शेकायचं भांडं, आपली शेगडीच म्हणा. तुम्ही खाता ते तेप्पानयाकी. ते कोबेच्या मिसोनो नावाच्या रेस्टॉरंटने १९४५ मध्ये सुरू केलं असं मानतात आणि अमेरिकेत त्याचा खेळ केला तो रॉकी आओकीने, १९६४ ला न्यूयॉर्कमध्ये बेनिहाना नावाचं रेस्टॉरंट काढून. इथलं चांगलं तेप्पानयाकी महाग आणि शांत असतं, कोणी तुमच्या तोंडात कोळंबी फेकत नाही.

आमच्या खिशाचं म्हणजे काइतेनझुशी, फिरत्या पट्ट्यावरची सुशी. पहिलं दुकान १९५८ ला ओसाकाजवळ निघालं, मालक योशिआकी शिराइशी, त्यांना ही कल्पना बिअरच्या कारखान्यातला पट्टा बघून सुचली. आता बऱ्याच ठिकाणी टॅबलेटवरच ऑर्डर द्यायची आणि ताटली सुळकन समोर येते. माझ्या मुलाचा क्रम ठरलेला: अंडं, मका-मेयो, काकडी, परत अंडं. शेवटी ताटल्या मोजून बिल, टिप नाहीच. (डॅलसवाले, इकडे या.)

*

मी मालवणची, आता शिकागोजवळ. मासा कच्चा खाल्ला असं आजीला कळलं असतं तर म्हणाली असती, "गॅस संपलो काय गो?" पहिली दोन वर्षं मी फक्त हिबाचीच्या बाजूला बसायचे. मग एका मैत्रिणीने साबा खायला लावला. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला, म्हणजे आपलं अर्धं काम त्यांनी केलेलंच असतं, फक्त तव्यावर टाकायचं राहिलंय. तिथून धीर आला. ज्यांना कच्चं नकोच त्यांनी उनागी घ्या, वामीसारखा मासा, शिजवलेलाच असतो, सॉस मात्र गोड, मला नाही झेपला. आणि सामन (सॅल्मन) माशाला घाबरलात तर लाजू नका, पूर्वी खुद्द जपानी लोकही जंतांच्या भीतीने तो कच्चा खात नसत, ऐंशीच्या दशकात नॉर्वेवाल्यांनी त्यांच्या गळी उतरवला. ते गुलाबी आलं लोणच्यासारखं तोंडी लावायचं नसतं, एका माशाची चव पुसून दुसऱ्याकडे जायला असतं. मी तरी लोणच्यासारखंच खाते.

*

कोट गाडीत ठेवून आत जा, तव्याचा वास लागतो. बाकी काही नाही.

*

धागा काढणारी परत आलेय. अटलांटाच्या ताईंचं ऐकून काल पुन्हा गेलो, फोनवर सगळं सांगून ठेवलं, सूप नको, सॉस नको, पॅन वेगळं. आईचं ताट आतून व्यवस्थित झाकून आलं, तिने सगळं संपवलं, पण तोंड एवढंसं. गाडीत विचारलं तर म्हणे, सगळ्यांच्या पुढ्यात जाळ झाला, माझ्यापुढे नुसतं ताट ठेवून गेला तो. मग जरा वेळाने, "आणि काय गं, तो कांद्याचा डोंगर त्याने कोळंबीच्या आधी पेटवला ना? मग तो मला चालला असता."