बीप वाजला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं नाही
ट्रकचा इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट मिणमिणतो, यावर काही जण अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलायचा सल्ला देतात. पण हे लक्षण खराब अर्थिंगचं आहे, म्हणजे दिव्यापासून चॅसिसमार्गे (गाडीच्या सांगाड्यातून) बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीचं. मल्टिमीटरवर कंटिन्युइटी (वायर सलग आहे का) तपासताना येणाऱ्या बीपवर विसंबू नका. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो. दिवे चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून दिव्याच्या अर्थपर्यंत डीसी व्होल्टेज मोजा. ०.५ व्होल्टच्या पुढे गेलं तर चॅसिसवरचा अर्थ बोल्ट उघडून रंग-गंज घासून काढा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस.

मोजताना हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत राहा, विशेषतः केबिन टिल्ट होते तिथे. तिथलं तांबं आतल्या आत तुटतं, वरचं इन्सुलेशन मात्र धडधाकट दिसतं. संशयित वायर हलकेच ओढा, तुटक्या जागी ती रबरासारखी ताणते.